जोर न लावता

माधवनगरात शांतता पसरली की लोक दारात येऊन उभे राहतात. मागांची खटखट थांबली म्हणजे एकतर वीज गेली, नाहीतर गावात कुणीतरी गेलं. कॉटन मिल बंद पडून काळ लोटला, यंत्रमागही पूर्वीइतके राहिले नाहीत. पण जे आहेत त्यांच्या आवाजातच आमच्या अंकाची प्रुफं दरवर्षी वाचली जातात. यंदाच्या अंकाचा विषयही त्याच आवाजात ठरला. तो ऐकून मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "दिवाळी अंक आहे. घरातले सगळे वाचतात. ताओ ठीक आहे हो, पण ते दुसरं कशाला?"

'ते दुसरं' म्हणजे कामजीवन. या विषयाचं नाव घ्यायचं झालं की आपल्याला सर्वनाम पुरतं, आणि गंमत म्हणजे समोरच्याला ते बरोबर कळतं.

त्यावरून एक जुनी आठवण निघाली. आमच्या लहानपणी एका वाचनालयात खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक होतं. कव्हरवर नाव नव्हतं, फक्त दाखल क्रमांक होता. रजिस्टरात त्याची नोंद 'तत्त्वज्ञान' या सदरात होती, आणि त्या सदरातलं सर्वांत जास्त फिरलेलं पुस्तक तेच होतं. ते होतं रजनीशांचं 'संभोग से समाधि की ओर'. सुरुवातीची तीस-चाळीस पानं बोटांनी काळी पडली होती. पुढची मात्र नव्या वहीसारखी कोरी करकरीत. ज्याच्या शोधात वाचक आले होते ते तिथे नव्हतं, आणि जे होतं त्यासाठी कुणी आलं नव्हतं.

त्या पुस्तकातली प्रवचनं १९६८ साली मुंबईत सुरू झाली. भारतीय विद्या भवनातल्या पहिल्याच व्याख्यानाने इतका गदारोळ उठला की पुढची गवालिया टँकच्या मैदानावर झाली. पुढे याच वक्त्याने १९७१ ते १९७५ या काळात, आधी मुंबईत आणि मग पुण्यात, लाओत्झूवर हिंदीतून १२७ प्रवचनं दिली; ती 'ताओ उपनिषद' नावाने छापली गेली. २१ मार्च १९७४ रोजी ते कोरेगाव पार्कात राहायला आले. त्यांच्या निवासाचं नाव 'लाओत्झू हाऊस', आणि त्याला लागून असलेल्या सभागृहाला नाव च्वांग त्सूचं. म्हणजे चीनच्या या दोन जुन्या तत्त्ववेत्त्यांची नावं महाराष्ट्रात कुठे ठळकपणे लागली असतील, तर ती पुण्यातल्या एका बंगल्यावर. तेही अशा वेळी, जेव्हा युरोप-अमेरिकेतली तरुण पोरं भगवी वस्त्रं घालून त्या रस्त्याने फिरत होती आणि पुणेकर त्यांच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते. ताओ आणि शरीरमुक्ती ही जोडी मराठी मनात तिथे जुळली, ती अजून सुटलेली नाही.

पण ही जोडी खरी आहे का? या अंकाची सुरुवात या प्रश्नातून झाली.

ताओ म्हणजे वाट. लाओत्झूच्या नावावर चालणारा ग्रंथ ८१ प्रकरणांचा आणि सुमारे ५,००० चिनी अक्षरांचा. आपल्या एखाद्या पोथीच्या मानाने अगदीच चिमुकला. पाणी, दरी, मडक्यातली पोकळी, मादीतत्त्व असल्या मऊ गोष्टींना तो थोर मानतो. कामशास्त्र म्हणावं असं त्यात काहीच नाही. तरीही १९७३ साली चीनमधल्या चांगशाजवळ मावांगदुई इथे इ. स. पूर्व १६८ मधली एक कबर उघडली, तेव्हा तिच्यात लाओत्झूच्या ग्रंथाच्या रेशमी कापडावर लिहिलेल्या दोन प्रती निघाल्या, आणि त्याच कबरीत स्त्रीपुरुष समागम व आरोग्य यांवरचे लेखही निघाले. एकाच माणसाच्या सोबतीला दोन्ही ठेवले होते. ठेवणाऱ्यांना त्यात विसंगती वाटली नसावी, आणि कव्हरही घालावंसं वाटलं नव्हतं.

शयनकलेचे असे ग्रंथ पुढे चीनमध्ये लुप्त होत गेले. त्यांतले उतारे वाचले ते जपानमुळे. तांबा यासुयोरी या वैद्याने ९८४ साली 'इशिन्पो' नावाचा ३० भागांचा वैद्यकग्रंथ रचला. त्याचा २८ वा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. ज्वर, जखमा, बाळंतपण आणि शय्या हे सगळं एकाच शास्त्राच्या पोटात! या परंपरेत पीत सम्राटाला शिकवणारी गुरू एक स्त्री आहे, सू न्यू नावाची. सोबतिणीचा श्वास, चेहरा, हातपाय काय सांगताहेत ते आधी ओळख, मग पुढे हो, असा तिचा पाठ. पण म्हणून हा सगळा साठा डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. त्याच परंपरेत पुरुषाचं आयुष्य वाढावं म्हणून बाईचं सत्त्व शोषून घेण्याच्या, त्यासाठी बायका बदलत राहण्याच्या युक्त्याही आहेत. तिथे बाई गुरू उरत नाही, औषधाची बाटली होते.

आणि प्रत्यक्ष ताओ धर्माचं काय? त्याचे आजचे दोन मोठे पंथ. झंग्यी पंथाचे पुजारी लग्न करतात, मुलंबाळं वाढवतात. बाराव्या शतकात निघालेल्या छ्वानझन पंथाचे साधू घरदार सोडून ब्रह्मचर्याने मठात राहतात. बीजिंगचा श्वेतमेघ मठ त्यांचाच. ताओ म्हणजे मोकळीक अशी समजूत करून घेतलेल्या पाश्चात्त्य प्रवाशाला त्या मठात पहाटे उठून झाडलोट करणारे ब्रह्मचारी दिसले, तर तो गोंधळणारच.

हा गोंधळ आपल्याला परका नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने परत येऊन संसार केला, आणि त्याची शिक्षा त्यांच्या चार लेकरांनी भोगली. संन्यास थोर की संसार, हा वाद आळंदीत एका कुटुंबाच्या जिवावर उठला. त्याच घरातल्या मुलाने 'अमृतानुभवा'च्या आरंभी शिवशक्तीचं जोडपं असं उभं केलं की एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढताच येऊ नये. यिन-यांगचं वर्तुळ काढून दाखवणाऱ्याला हे आमच्याकडेही आहे असं सांगायला हरकत नाही. फक्त ते आम्ही पारायणात ठेवतो, माजघरात आणत नाही.

पश्चिमेने ताओतून काय उचललं? रॉबर्ट व्हान ग्युलिक या डच मुत्सद्द्याचा प्राचीन चीनमधल्या कामजीवनावरचा मोठा ग्रंथ १९६१ साली आला. त्याआधी केंब्रिजच्या जोसेफ नीडहॅमने चिनी विज्ञानाच्या इतिहासात ताओवाद्यांच्या देहसाधनेला आदराने जागा दिली होती. पापाच्या कल्पनेखाली वाढलेल्या समाजाला हा शोध खिडकी उघडल्यासारखा वाटला. १९७७ साली जोलान चांगच्या पुस्तकाने तो सामान्य वाचकापर्यंत नेला. त्यानंतर शिबिरं निघाली, तंत्रं आली, वेळापत्रकं आली. 'काही करू नकोस' म्हणणाऱ्या परंपरेचा गृहपाठ झाला. तैवानची गोष्ट निराळी. तिथे २००६ साली एका ताओ पुजाऱ्याने समलिंगी भक्तांसाठी सशाच्या देवाचं, तू-एर-शेनचं मंदिर उभं केलं. मूळ लोककथा फूच्येन प्रांतातली, अठराव्या शतकात युआन मेई या लेखकाने नोंदवलेली. २४ मे २०१९ पासून तैवानात समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. नवस बोलायला येणाऱ्यांना त्याआधीच एक देव मिळाला होता.

ज्याच्या घरात जे कमी, ते तो ताओत शोधतो. पश्चिमेला परवानगी हवी होती, तैवानमधल्या तरुणांना आशीर्वाद हवा होता. आपल्याला काय हवं आहे?

परवानगी, असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण ती मागणारा माणूस आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून चालवलं. वाचकांच्या खाजगी शंकांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. कर्वे पक्के बुद्धिवादी. ताओबिओ त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं असतं. पण वैद्यकाच्या ग्रंथात २८ वा भाग म्हणून बसलेला विषय त्यांनी नक्की ओळखला असता. त्यांचं म्हणणं तेवढंच तर होतं, की ही गोष्ट आरोग्याची आहे, कव्हर काढा.

म्हणून आम्हाला वाटतं, ताओकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. तिचं नाव वू-वेइ. 'निष्क्रियता' असं तिचं भाषांतर करतात, ते फसवं आहे. वू-वेइ म्हणजे जोर न लावणं. समोरच्या गोष्टीचा कल ओळखून वागणं.

बळजोरी दोन्ही बाजूंनी होते. दार बंद करणाराही जोर लावतो आणि दार ढकलणाराही. कोरेगाव पार्कात मुक्तीच्या नावाने भरलेल्या काही गटांत आक्रमकतेला जागा होती, ती पुढे थांबवावी लागली. २०२४ साली आलेल्या 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' या माहितीपटात, रजनीशांच्या संप्रदायाच्या कम्यूनमध्ये बालपण गेलेल्या स्त्रियांनी आपल्या शोषणाच्या हकीकती सांगितल्या आहेत. भिंतीवर लाओत्झूचं नाव असलं म्हणून आत वू-वेइ असेलच असं नाही. आणि तोंडाला कुलूप असलेल्या आमच्या घरांतही बंद दाराआड काय चालतं, ते कुटुंब न्यायालयातल्या बाकांना ठाऊक आहे.

जोर न लावण्याचा धडा आम्हाला मिळाला तो सांगलीतच, इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. एड्सच्या भीतीने सगळे हादरलेले असताना, १९९२ साली इथे 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं. १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांची, त्यांनीच चालवलेली. आम्हाला उचलून नेऊन सोडवू नका, आधी आम्हाला विचारा, हे त्यांचं म्हणणं. भल्या माणसांना ते पचायला जड गेलं. धाड घालून सुटका करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हात धरायची पद्धत तीच असते, हे त्या बायकांनी दाखवून दिलं. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की हे काम करणाऱ्या बाईला पोलिसांनी माणूस म्हणून वागवावं. या बायकांनी लाओत्झू वाचला असेल-नसेल. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी या जिल्ह्याला सांगितली, आणि ती नवरा-बायकोलाही तितकीच लागू आहे.

विषय ठरला त्या रात्री आम्ही शेजारच्या मागावर चहा घेऊन गेलो. चाळीस वर्षं माग चालवणारे मामा वहीफणीजवळ वाकले होते. उभ्या सुताचे दोन थर एक वर, एक खाली होतात. मध्ये क्षणभर फट पडते. तेवढ्यात धोटा इकडून तिकडे जातो. मामांना आम्ही ताओबद्दल काही विचारलं नव्हतं. ते आपल्या कामाचंच बोलत होते. "फट पडायच्या आत धोटा आला की अडकतो, अन् शंभर धागं तुटत्यात. मग बसा दिसभर जोडत. अन् फट उघडीच ऱ्हायली तर कापड कशाचं व्हतंय?" एवढं बोलून त्यांनी तुटलेलं टोक जिभेवर ओलं केलं, गाठ मारली आणि माग चालू केला. पुढचं काही ऐकू येईना.

चष्मा काढून ठेवलेल्या आमच्या ज्येष्ठांनी शेवटी होकार दिला, एका अटीवर: अंकाला कव्हर घालावं लागू नये. ती आम्ही पाळली आहे. एका डॉक्टरांनी दवाखान्यात दबक्या आवाजात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर लिहिलं आहे, एका निवृत्त शिक्षिकेने नववीच्या वर्गात शास्त्राचा तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिल्याची कबुली दिली आहे, आणि एका तरुण कवीने आपल्या मित्राविषयी लिहिताना पहिल्यांदाच 'मित्र' हाच शब्द ठेवला आहे. कथा, कविता, व्यंगचित्रं आहेतच. राशिभविष्यही आहे, नाहीतर अंक परत येतो. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही दिवाळी अंकांची पंगत अजून उठलेली नाही. तिच्यात आम्हाला पाट मिळतो तो लेखक, जाहिरातदार, छापखान्यातली मंडळी आणि तुम्हा वाचकांमुळे.

आपल्या दिवाळीत एक दिवस जोडप्याचा असतो. पाडव्याला सगळ्या घरादेखत बायको नवऱ्याला तेल लावते, ओवाळते. वर्षभर आजोबांच्या शेजारी बसायला संकोचणारी आमची आजी त्या पहाटे त्यांच्या खांद्यावर कोमट तेल जिरवायची आणि हळूच विचारायची, "लागतंय का?" ते मान हलवायचे. तिच्या दुखऱ्या खांद्यांना तेल लावायचं मात्र कुणाला सुचलं नाही. या पाडव्याला वाटीत थोडं तेल उरू द्यावं, आणि तिला विचारून बघावं.

शुभ दीपावली.

— संपादक मंडळ, माधवनगर