वकिली सोडवणाऱ्या वर्ध्यात कायदा कशासाठी शिकावा?

#थ्रेड

१/ बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम घ्यावा, की पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी.? वर्ध्यातच शिकावे, की नागपूर गाठावे? कायद्याकडे वळणारा विद्यार्थी हेच विचारतो. वर्धा जिल्ह्याला मात्र त्याआधीचा एक प्रश्न वारशाने मिळाला आहे: कायदा शिकावाच कशासाठी?

२/ डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केले. न्यायालयांवरील बहिष्कार हा त्याचाच भाग. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास यांनी भरभराटीची वकिली सोडली. अशा वकिलांच्या निर्वाहासाठी वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी एक लाख रुपये दिले.

३/ १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेंपलने गांधीजींचे नाव बॅरिस्टरांच्या पटावरून खोडले; ते पुन्हा चढले १९८८ मध्ये. त्याच १९२२ साली ग्रेज इनमधून डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले. एकाने सोडलेले शस्त्र दुसऱ्याने हाती घेतले.

४/ १९२८ मध्ये जमनालालजींनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. सनातन्यांच्या विरोधात हे पाऊल उचलायला मोठे धैर्य लागले. पण दार उघडले ते मंदिर चालवणाऱ्यांची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून.

५/ महाडला तशी बुद्धी जागी झाली नाही. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा वाद दिवाणी न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला: अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्याला दहा वर्षे लागली.

६/ माझे मत असे: मंदिराचे दार हे दान होते, तळ्याचे पाणी हा हक्क होता. दात्याचे मन बदलले तर दान थांबते. हक्काला कुणाच्या मनाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून वर्ध्याच्या मुलांनी कायदा शिकलाच पाहिजे.

७/ पण कसा? याचे उत्तर वर्ध्यातच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली. तिची दोन सूत्रे: शिक्षण मातृभाषेतून, आणि हाताने काम करता करता. ही सूत्रे शालेय शिक्षणासाठी होती. विधिशिक्षणाला ती तितकीच लागू पडतात.

८/ वकिलाचा चरखा म्हणजे पक्षकाराचे म्हणणे ऐकणे, कागद वाचणे, अर्ज लिहिणे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी साहाय्य केंद्र चालवणे बंधनकारक आहे. ते नावापुरते फलकावर असेल, तर पदवी मिळते, कसब मिळत नाही.

९/ आक्षेप येईल: उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, मग मराठीचा आग्रह कशाला? संविधानाचे कलम ३४८ पाहता आक्षेपात तथ्य आहे आणि इंग्रजी यायलाच हवी. पण सातबारा मराठीत असतो आणि आर्वी-हिंगणघाटचा शेतकरी आपली व्यथा मराठीतच सांगतो. खटल्याचा पाया तालुक्यात घातला जातो. तो कच्चा राहिला तर वरची इंग्रजी त्याला सावरत नाही.

१०/ पर्याय आज पुष्कळ आहेत. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात विधी विभाग आहे. नागपुरात १९२५ पासूनचे, आता बाबासाहेबांचे नाव धारण करणारे विधी महाविद्यालय आहे, आणि २०१६ पासूनचे राष्ट्रीय विधी विद्यापीठही. राज्याच्या सीईटीने बहुतेक महाविद्यालयांत जाता येते. बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते.

११/ तेव्हा प्रवेश घेताना शुल्क आणि वर्षे जरूर मोजा. पण आणखी दोन गोष्टी विचारा: विधी साहाय्य केंद्र आठवड्यातून किती दिवस उघडते? आणि विद्यार्थ्यांनी मराठीत लिहिलेला अर्ज कुणी तपासून देते का? माहितीपत्रकात हे छापलेले नसते. महाविद्यालयात जाऊनच विचारावे लागते.