‘बरी आहे’ या उत्तराचा रंग

इंदापूरच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकान सांभाळणाऱ्या घरांत सकाळी किल्ल्या उचलताना मुलगा विचारतो, “आई, बरं वाटतंय ना?” संधिवाताने बोटे आखडलेली आई म्हणते, “बरी आहे, तू जा.” वर्षानुवर्षे चाललेल्या दुखण्यात हा प्रश्न केवळ रीत होऊन राहतो. रोजचे रडगाणे कोण ऐकणार, या संकोचाने आई खरे सांगत नाही.

अशा घरी कापडाचे चार उरलेले तुकडे आणि एक खुंटी पुरते. हिरवा म्हणजे मन हलके आहे, गप्पांना या. पिवळा म्हणजे थकवा आहे, आज पाहुणे नकोत. लाल म्हणजे चिडचीड होते आहे, ती तुमच्यावर नाही. काळा म्हणजे मन खचले आहे. जवळ बसा, उपाय सुचवू नका. दम्याच्या रुग्णांना डॉक्टर हिरवा, पिवळा, लाल असे टप्पे आखून देतात. फुंकरीचा आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असला की हिरवा, ५० च्या खाली गेला की लाल. मनाला असे मापक नाही, म्हणून रंगांचे अर्थ घरानेच एकत्र बसून ठरवावेत.

मनोभावांना रंग असतात, हे जैन घरांना नवे नाही. उत्तराध्ययन सूत्राचे ३४ वे अध्ययन लेश्यांचेच आहे. जांभळासाठी झाड मुळापासून तोडू पाहणारा आणि गळालेली फळे वेचणारा, ही कथा मुलांनाही पाठ असते. मात्र येथेच जपायला हवे. कृष्ण लेश्या क्रूर भावाची खूण आहे. खुंटीवरचा काळा तुकडा केवळ आजच्या दुःखाची. तो पाहून कोणी “भाव शुद्ध ठेवा” असा उपदेश केला, तर उद्या तेथे हिरवा दिसेल, आणि तो खोटा असेल. पर्युषणात औषधांमुळे उपवास न करू शकणाऱ्या मधुमेही सासूबाईंच्या मनातली खंतही अशाच उपदेशाने लपून राहते.

वैयावृत्त्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक. म्हणून सेवा करणाऱ्या सुनेने थकू नये, असे मात्र कोठेही म्हटलेले नाही. तिचीही खुंटी शेजारी हवी. दोघींचे तुकडे एकाच दिवशी काळे असले, तर मुलाने त्या दिवशी दुकान तासभर उशिरा उघडावे. काळा रंग दोन आठवडे हटला नाही, तर डॉक्टरांना तसे सांगावे. केवळ सांध्यांविषयी बोलून परतू नये.