प्रकल्प मांडला, पुढे काय?

दिवाळीची सुटी संपली, की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांत प्रकल्पांची धांदल सुरू होते. पुठ्ठ्याची शेते, बॅटरीवर फिरणारे पंप आणि रंगीत तक्ते टेबलांवर मांडले जातात. विद्यार्थी पाठ केलेले निवेदन म्हणून दाखवितात. परीक्षक दोन-चार प्रश्न विचारतात, गुण टाकतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. बक्षीस समारंभ होतो, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी हे सारे प्रकल्प प्रयोगशाळेच्या माळ्यावर जाऊन पडतात. परीक्षकांनी काय विचारले आणि त्यावर विद्यार्थ्याने पुढे काय केले, याची नोंद बहुधा कोठेच राहत नाही.

वस्तुतः रचनेचे शिक्षण त्या प्रश्नांपासूनच सुरू व्हावयास हवे. जवळचेच उदाहरण घेता येईल. शिरूर तालुक्यातील उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आता नित्याचा झाला आहे. 2025 च्या उत्तरार्धात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले. अशा भागातील विद्यार्थ्याने हालचाल टिपून भोंगा वाजविणारे यंत्र तयार करण्याचे मनात आणले, तर ते स्वाभाविकही आहे आणि कौतुकास्पदही. टेबलावर हे यंत्र बिनचूक वाजेल. परंतु समोरून कुत्रे गेले तर? रात्री वीज गेली तर? तीन रात्री उगीचच भोंगा वाजल्यामुळे चौथ्या रात्री घरधन्याने यंत्र बंद केले, तर त्याने संरक्षण दिले म्हणावयाचे की खोटा दिलासा? असे प्रश्न विचारले गेले, की गुण कापले जाणार या भीतीने विद्यार्थी वेळ मारून नेतो. ज्या क्षणी त्याने वहीत टिपण करावयाचे, त्या क्षणी तो बचाव करू लागतो. हा दोष त्याचा नव्हे. एकाच मांडणीवर निकाल लावणाऱ्या पद्धतीचा आहे.

याची किंमत साध्या हिशेबानेही समजते. प्रतिकृतीतील चूक थोडक्या रुपयांत सुधारते. तीच चूक बांधावर किंवा कारखान्यात पोहोचली, की हजारोंनी पैसे मोजावे लागतात. दक्षिण आफ्रिकेतील एका पंपाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. मुलांनी चक्रावर खेळावे आणि त्या फिरण्याने पाणी टाकीत चढावे, अशी ती रचना होती. तिची मांडणी इतकी मोहक होती, की 2000 मध्ये जागतिक बँकेच्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले आणि 2006 मध्ये आफ्रिकेत असे चार हजार पंप बसविण्याची मोहीम जाहीर झाली. प्रत्यक्षात मुले खेळून दमली, की ते जड चक्र बायाबापड्यांना हातांनी फिरवावे लागले. 2010 पर्यंत ती मोहीम गुंडाळली गेली. पाणी भरणाऱ्या बाईचे मत आरंभीच घेतले असते, तर हा खर्च बराचसा वाचला असता.

याउलट काय करता येते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शिरूर तालुक्यातीलच पाबळ येथे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेल्या आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा म्हणून निवडले ते एक अवर्षणग्रस्त खेडे. हाताने काम करीत शिकणे हीच शिकण्याची नैसर्गिक रीत होय, अशी त्यांची धारणा होती. तेथील अभ्यासक्रमात वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे विद्यार्थी करतात आणि गावाला त्या सेवा पुरवितात. गावकऱ्याने करून घेतलेल्या कामाचा मूल्यमापक तो गावकरीच असतो. सांधा सुटला, तर तो दुसऱ्या दिवशी परत येतो आणि सांधा पुन्हा जोडावाच लागतो. 2002 च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली. तिची यंत्रे आधुनिक आहेत. परंतु पाबळचे खरे भांडवल ती यंत्रे नसून, केलेले काम पुन्हा हातात घेण्याची सवय हे आहे.

ही सवय प्रत्येक शाळेला लावून घेता येईल आणि त्यासाठी फारसा खर्चही नाही. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृतीसाठी 10,000 रुपये मिळतात. पैशांइतकीच निकड आहे ती दुसऱ्या मांडणीची. पहिल्या मांडणीच्या वेळी आलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवावा. सहा आठवड्यांनी विद्यार्थ्याने तोच प्रकल्प पुन्हा मांडावा आणि काय बदलले, काय बदलता आले नाही व का, हे सांगावे. निम्मे गुण या दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. शक्यतो ही दुसरी मांडणी वस्तू जेथे वापरली जाणार, तेथेच व्हावी. दौंड तालुक्यातील विद्यार्थ्याने गुऱ्हाळासाठी कमी जळणाचे चुलवण आखले असेल, तर काहिलीपाशी उभा राहणारा गुळव्या हाच त्याचा परीक्षक असावा. जाळ कोणत्या वेळी वाढवावयाचा आणि कोणत्या वेळी ओढून घ्यावयाचा, हे त्याच्याइतके कोण जाणतो? प्रकल्पासोबत जमाखर्चाचे एक पान असावे. वस्तू किती रुपयांत झाली, बिघडल्यास ती कोण दुरुस्त करील आणि सुटा भाग दौंडच्या बाजारात मिळतो की नाही, एवढे त्यावर लिहिले तरी पुरे.

अभ्यासक्रमच पुरा होत नाही, तेथे दोनदा मांडणी कशी घ्यावी, असे शिक्षक विचारतील. ही अडचण खरी आहे. तिला उत्तर एवढेच, की प्रकल्पांची संख्या कमी करावी. चाळीस विद्यार्थ्यांनी बाजारातून आणलेल्या चाळीस तयार प्रतिकृतींपेक्षा गटांनी केलेले आठ प्रकल्प दोनदा तपासणे अधिक फलदायी ठरेल. विकत आणलेल्या प्रकल्पाला दुसरी मांडणी झेपत नाही, कारण ज्याने वस्तू केली नाही त्याला ती सुधारताही येत नाही. नक्कल ओळखण्याचा याहून सोपा उपाय नाही.

आणखी एक लाभ आहे आणि तो ग्रामीण भागाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एकाच मांडणीच्या पद्धतीत सफाईदार बोलणारा जिंकतो. घरी शेळ्या-मेंढ्या सांभाळून शाळेत येणारी मुलगी अडखळत बोलते; तिची भाषा प्रमाण नसते आणि तिच्या तक्त्यावर छापील अक्षर नसते. परंतु चार जणांनी दाखविलेली चूक घरी जाऊन दुरुस्त करण्याची चिकाटी तिच्यापाशी असू शकते. दुसऱ्या मांडणीत या चिकाटीला गुण मिळतील. यंदाच्या प्रदर्शनाची तयारी करताना मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी पहिल्या मांडणीच्या तारखेबरोबरच दुसऱ्या मांडणीचीही तारीख फलकावर लिहावी.