दाराबाहेर पडल्यावर काय?

चित्रपट महोत्सवात लघुपटांच्या एका बैठकीत पाच-सहा देशांतल्या गोष्टी पाहून होतात. पंधरा-वीस मिनिटांत कुणाचं तरी आयुष्य पार बदलून जातं, दिवे लागतात, टाळ्या पडतात आणि पुढचा लघुपट सुरू होतो. बाईच्या बाबतीत आयुष्य बदलणारा हा प्रसंग पुष्कळदा एकच असतो: मारणाऱ्या पुरुषाच्या तावडीतून सुटण्याचा. अशा दोन लघुपटांबद्दल इथे लिहिते आहे. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही पाहून मला एकच प्रश्न पडला.

पहिला लघुपट झाविए लग्राँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा, ‘सारं गमावण्याआधी’ अशा अर्थाच्या नावाचा. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहरातल्या नावाजलेल्या लघुपट महोत्सवात २०१३ साली राष्ट्रीय स्पर्धेचं मुख्य पारितोषिक त्याला मिळालं. मिर्याम एका मोठ्या दुकानात नोकरीला आहे. आज ती मुलगा आणि मुलगी, दोघांना घेऊन नवऱ्याचं घर सोडते आहे. तिघं दुकानाच्या मागच्या खोल्यांत थांबतात आणि नवरा दुकानात येऊन उभा राहतो. अर्ध्या तासाच्या या लघुपटात मारहाण एकदाही दिसत नाही. दिसते ती भीती, आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या तिच्या सहकारी.

दुसरा बेल्जियमचा, देल्फिन जिरार या दिग्दर्शिकेचा, ‘एक बहीण’ अशा अर्थाच्या नावाचा, २०१८ सालचा. २०२० च्या ऑस्करसाठी त्याला नामांकन होतं. रात्रीची वेळ, धावती गाडी. गाडी चालवणाऱ्या पुरुषाला ‘बहिणीशी बोलते’ असं सांगून शेजारी बसलेली बाई फोन लावते, तो पोलिसांच्या मदत-क्रमांकावर. पलीकडची बाई क्षणभर गोंधळते, मग सारं ओळखते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू लागते.

दोन्ही लघुपट एक गोष्ट फार नेमकी सांगतात. बाई एकटीच्या धैर्यावर सुटत नाही. कुणीतरी आडोसा द्यावा लागतो, कुणीतरी न बोललेलं ऐकावं लागतं. आपल्या सिनेमांनी एकटीच चंडी होऊन उठणारी नायिका पुष्कळ दाखवली. त्यापुढे हे चित्रण खरं वाटतं.

प्रश्न पडतो तो यापुढे. निघाली म्हणजे सुटली का? सल्ला केंद्रावर बसणाऱ्या कोणत्याही कार्यकर्तीला विचारा. बाई घराबाहेर पडते तो दिवस गोष्टीचा शेवट नसतो. रात्री झोपायचं कुठे? माहेरची माणसं आठ दिवस गोड बोलतात, मग ‘आता समजुतीनं घे’ म्हणू लागतात. मुलांचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक सासरीच राहिलेलं असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यात लिहिलं आहे. पण बायकांच्या वाट्याला पुष्कळदा तारखांमागून तारखाच येतात.

‘वीस मिनिटांत हे सगळं कसं दाखवायचं?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. लघुपटाला त्याच्या लांबीबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे या दोन्ही दिग्दर्शकांना हाच प्रश्न पडलेला दिसतो. लग्राँनी त्याच कुटुंबावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला. २०१७ साली व्हेनिसला त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. तो सुरू होतो न्यायाधीशांसमोर, मुलाच्या ताब्याच्या सुनावणीनं. कायदा बापाला मुलाची भेट मिळवून देतो आणि त्या वाटेनं तो पुन्हा मिर्यामपर्यंत पोचतो. जिरारनीही २०२३ साली पुढची गोष्ट सांगितली: त्या फोननंतरचा तपास, खटल्याची वाट पाहण्यातला काळ आणि पुन:पुन्हा स्वत:ला खरं ठरवत बसणारी बाई.

माझी तक्रार आहे ती आपल्या पाहण्याबद्दल. ‘एका क्षणात आयुष्य बदललं’ ही गोष्ट आपल्याला इतकी आवडते की खऱ्या बाईकडूनही आपण तीच मागतो. एवढा मार खात होतीस तर आधीच का नाही निघालीस? आणि एकदा निघालीस, तर परत का गेलीस? हे प्रश्न पोलीस ठाण्यात विचारले जातात, कोर्टात विचारले जातात आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्या बैठकांमध्येही. परत गेलेल्या बाईला आपण मनातल्या मनात नापास करतो. खरं तर एखादी बाई दोनदा, चारदा परत जाते आणि मग कायमची निघते. ती प्रत्येक खेप वाया गेलेली नसते. कोण दार उघडतं आणि कोण लावून घेतं, हे तिला दर वेळी कळत जातं.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. असे लघुपट जरूर दाखवा, वस्तीत, कॉलेजात, गटाच्या बैठकीत. पण संपल्याबरोबर पुढचा लावू नका. दिवे लावा आणि विचारा: आज रात्री ही बाई कुठे झोपेल? उद्या मुलांना शाळेत कोण सोडेल? आणि महिन्याभरानं ती परत गेली, तर आपलं दार तिच्यासाठी उघडं असेल का?

पडद्यावरच्या बाईला हे विचारणं सोपं आहे. त्याचं उत्तर मात्र आपल्यालाच द्यायचं आहे.