गाडीतील स्क्रीन आणि श्रावकाची ईर्यासमिती

डोंबिवली-कल्याणमधील जैन कुटुंबे ठाण्याला टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला पूर्वी बहुधा लोकलने जात. आता अनेक घरांत गाडी आली आहे आणि गाडीबरोबर तिच्या पुढच्या फळीवर बसवलेली स्क्रीनही आली आहे. कल्याण-शीळ रस्त्याने मुंब्रा बायपास धरावा, की मोठागाव-माणकोली पुलावरून नाशिक महामार्ग गाठावा, हे पूर्वी घरातील वडीलधारे अनुभवाने ठरवीत. आज तो निर्णय मोबाईलमधील नकाशा घेतो आणि स्क्रीनवर दाखवतो. त्यासाठी मोबाईल त्या स्क्रीनला जोडावा लागतो. ही जोडणी कशी करावी हे घरातील नातवंडे चटकन सांगतात. मात्र जोडल्यानंतर चालत्या गाडीत तिच्याशी कसे वागावे, हे फारसे कोणी सांगत नाही. या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार आवश्यक आहे.

जोडणीचे प्रकार

पहिला आणि सर्वांत साधा प्रकार ब्लूटूथचा. त्यातून फोनवरील बोलणे आणि स्तवन, प्रवचन यांसारखा आवाज गाडीच्या स्पीकरवर येतो. नकाशा मात्र स्क्रीनवर दिसत नाही. गाडी उभी असताना मोबाईलमधील ब्लूटूथ सुरू करावे, गाडीच्या स्क्रीनवर नवीन फोन जोडण्याचा पर्याय निवडावा आणि दोन्हीकडे दिसणारा सहा अंकी क्रमांक एकच आहे याची खात्री करून संमती द्यावी. पुष्कळ गाड्यांत चालत्या स्थितीत नवीन फोन जोडताच येत नाही. ही अडचण नसून मुद्दाम केलेली सोय आहे.

दुसरा प्रकार अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले यांचा. अ‍ॅपलने कारप्ले २०१४ मध्ये आणले आणि त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइड ऑटोची घोषणा केली. या व्यवस्थेत काम मोबाईलच करतो. गाडीची स्क्रीन केवळ त्याचे निवडक रूप दाखवते. नकाशा, फोन, संदेश आणि संगीत एवढेच मोठ्या चिन्हांत पुढे येते आणि गाडी चालू असताना चित्रफिती दाखवल्या जात नाहीत. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच अंतर्भूत आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ विभागात कारप्ले सापडते. त्यासाठी सिरी सुरू असावी लागते.

ही जोडणी केबलने होते, तसेच काही गाड्यांत केबलवाचूनही होते. केबल वापरली तर बहुतेक तक्रारींचे मूळ केबलमध्येच निघते. स्वस्त केबल पुष्कळदा केवळ चार्जिंगपुरती असते. तिच्यातून माहिती वाहत नाही. गाडीतही एकाहून अधिक यूएसबी जागा असतात आणि त्यांतील एखादीच स्क्रीनशी जोडलेली असते. फोन चार्ज होतो पण नकाशा उमटत नाही, असे झाले तर आधी केबल आणि मग जागा बदलून पाहावी. केबलवाचून जोडताना ब्लूटूथ फक्त ओळख करून देते. पुढील सर्व माहिती वाय-फायवरून जाते. म्हणून मोबाईलमधील दोन्ही सुरू हवीत. अशा वेळी फोन तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. मे महिन्याच्या उन्हात तो काचेजवळ ठेवू नये. एवढे करूनही जोडणी तुटत राहिली, तर फोनमधून गाडीचे नाव आणि गाडीतून फोनचे नाव पुसून नव्याने ओळख करून द्यावी.

जुन्या गाडीत बाहेरून स्क्रीन बसवून घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. अशा काही स्क्रीन चालत्या गाडीतही चित्रपट दाखवतात. मागे बसलेल्या मुलांसाठी म्हणून लावलेले चित्र चालकाच्याही डोळ्यांसमोर हलत राहते. ती सोय बंद ठेवणेच हिताचे.

चार हात भूमी

साधू-साध्वींच्या आचारात पाच समित्या सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली ईर्यासमिती: पुढची चार हात भूमी डोळ्यांनी पाहत, जीवांना बाधा होणार नाही अशा यत्नाने चालणे. श्रावकाला महाव्रते नसली तरी या समित्यांचा भाव त्याच्या व्यवहारातही उतरावा, अशीच परंपरेची अपेक्षा आहे. पायी चालणाऱ्यास चार हात पुरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. हाताच्या मापाने छत्तीस हातांहून अधिक. स्क्रीनवरील एक चिन्ह शोधण्यात दोन सेकंद गेले, तर टीएमटीच्या जवळजवळ तीन बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढे अंतर न पाहता कापले गेलेले असते.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतील उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कोणत्याही कामासाठी चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा अधिक आणि एकूण बारा सेकंदांपेक्षा अधिक रस्त्यावरून हटू नये, असे त्यात सुचवले आहे. ब्रिटनमधील ट्रान्सपोर्ट रिसर्च लॅबोरेटरीने २०२० मध्ये अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले वापरणाऱ्या चालकांची कृत्रिम रस्त्यावर चाचणी घेतली. बोटाने स्पर्श करून वापर करताना चालकांचा प्रतिसाद निम्म्याहून अधिक मंदावला. आवाजी आज्ञा देऊन वापर केला तेव्हा मंदावण्याचे प्रमाण कमी होते, पण तेही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. ‘हात मोकळे आहेत, म्हणजे आपण सावध आहोत’ हा समज यामुळे टिकत नाही. हात मोकळे राहिले तरी उपयोग, म्हणजे चित्ताचे अवधान, दुसरीकडे गेलेले असते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

आपला कायदाही हेच मानतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८४ च्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वाहन चालवताना हातातील संपर्क उपकरण वापरणे हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे गणले गेले आहे. त्यासाठी पहिल्या अपराधालाही एक हजार ते पाच हजार रुपये दंड आणि कारावास यांची तरतूद आहे. २०२० च्या नियमदुरुस्तीने मार्ग पाहण्यापुरती सवलत दिली, पण तीही चालकाची एकाग्रता भंग पावणार नाही या अटीवर.

ईर्यासमितीचा विचार येथे केवळ उपमेपुरता नाही. चातुर्मासाव्यतिरिक्तच्या आठ महिन्यांत साधू-साध्वी पायी विहार करतात. ठाणे, भिवंडी, कल्याण, शहापूर या पट्ट्यातील विहाराचा मोठा भाग महामार्गांच्या आणि जोडरस्त्यांच्या कडेने होतो. शहापूरच्या मानस मंदिराकडे जाणारा नाशिक महामार्ग रात्रंदिवस मालमोटारींनी भरलेला असतो. विहारातील अपघातांच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ व्यक्त केली आहे. विहारसेवेतील तरुण चमकणारे जाकीट घालून पुढे-मागे चालतात, ते याच कारणाने. पहाटेच्या संधिप्रकाशात पांढऱ्या वस्त्रांतील साध्वीसमुदाय रस्त्याच्या कडेने येत असताना समोरून येणाऱ्या गाडीतील एखादा श्रावक स्क्रीनवर प्रवचनाची ध्वनिफीत शोधत असेल, तर त्या प्रवचनाचे मोल काय उरले? जे पूज्यांना लागू आहे, तेच दुधाची किटली घेऊन सायकलने जाणाऱ्याला, वीटभट्टीवर निघालेल्या मजुराला आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुक्या जीवालाही लागू आहे.

घाई कोठून येते

स्क्रीनकडे पुन्हा पुन्हा पाहण्याचे एक कारण जैन घरांत विशेष आहे. चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घोडबंदर रस्ता, माजिवडा, शीळफाटा येथील वाहतूक तुंबते. नकाशा पोहोचण्याची वेळ दाखवतो; ती मिनिटामिनिटाने पुढे सरकते आणि तिच्याबरोबर चालकाचा जीव खालीवर होतो. मग नवा मार्ग शोधण्यासाठी बोट स्क्रीनवर जाते. यावर तंत्रज्ञानाचा उपाय नाही, घरगुती उपाय आहे: सायंकाळच्या प्रवासात डबा आणि पाणी बरोबर घ्यावे आणि वेळ झाली की सुरक्षित जागी गाडी उभी करून शांतपणे भोजन करावे. व्रत जीवदयेसाठी आहे. ते पाळण्याच्या घाईत जीव धोक्यात घालणे व्रताच्याच हेतूला विसंगत ठरते.

नकाशाची मर्यादाही ओळखून असावी. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे एकापुढे एक उड्डाणपूल आहेत. गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे उपग्रहाच्या संकेतावरून फोनला नेमके उमगतेच असे नाही. मेट्रोच्या कामांमुळे वळवलेले रस्ते नकाशात उतरण्यास वेळ लागतो. अशा ठिकाणी रस्त्यावरील पाटी आणि वाहतूक पोलिसाचा हात हेच प्रमाण मानावे. वळण चुकले तर चुकू द्यावे. पुढे वळण्याची जागा येतेच.

वस्तू ठेवण्याची आणि बोलण्याची रीत

वस्तू पाहून उचलणे आणि पाहून ठेवणे, ही आदाननिक्षेपसमिती. गाडीत तिचा अर्थ अगदी स्थूल आहे. मोबाईल मांडीवर किंवा मोकळ्या आसनावर ठेवला, तर जोरात थांबताना तो खाली घरंगळतो आणि ब्रेकच्या पट्टीखाली अडकू शकतो. लांब केबल गिअरच्या दांड्याला गुंडाळली जाते. म्हणून फोनची जागा ठरलेली असावी आणि केबल आखूड असावी.

भाषासमितीचाही येथे संबंध येतो. जोडलेला फोन आलेला संदेश गाडीभर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. एखाद्याच्या आजाराचा अहवाल, मुलामुलीच्या स्थळाबाबतचे बोलणे, पेढीवरील उधारीचा तगादा, हे सर्व शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या कानी पडते. फोन आला तर पलीकडच्या व्यक्तीला ‘तुमचा आवाज गाडीत सर्वांना ऐकू येत आहे’ असे प्रथमच सांगणे हा साधा शिष्टाचार आहे. संदेश वाचून दाखवण्याची सोय बंदही करता येते.

ब्लूटूथने जोडताना गाडी संपर्क-यादीची आणि आलेल्या-गेलेल्या फोनच्या नोंदींची परवानगी मागते. ती दिल्यास शेकडो माणसांची नावे आणि क्रमांक गाडीत उतरतात. ते क्रमांक त्या माणसांनी आपल्याला विश्वासाने दिलेले असतात. यात्रेसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीला फोन जोडू नये; जोडलाच तर उतरण्यापूर्वी गाडीतून आपले नाव पुसावे. स्वतःची गाडी विकताना कागदपत्रे आणि किल्ल्या देतो, त्याआधी स्क्रीनची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणावीत. एरवी घराचा पत्ताही नव्या मालकाकडे जातो.

हे सर्व लक्षात ठेवण्यासाठी प्रवासाच्या आरंभीचे दोन मिनिटांचे वळण पुरेसे आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी फोन जोडावा, जायचे ठिकाण नकाशात भरावे, ऐकायचे स्तवन किंवा प्रवचन लावावे, आवाज बेताचा करावा. मग णमोकार मंत्राचे स्मरण करून गाडी हलवावी. त्यानंतर स्क्रीनला हात लावण्याचे काम शेजारी बसलेल्याचे. तो नसेल आणि काही बदलणे अगदी आवश्यकच असेल, तर गाडी कडेला सुरक्षित उभी करावी. घरातील तरुणांना गाडीची किल्ली देताना वडीलधाऱ्यांनी एवढा एक नियम मागून घ्यावा आणि स्वतः चालवताना तो त्यांच्यासमोर पाळून दाखवावा.