फळमाशीचे आकारमान आणि आपले क्रियापद

पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी इवलीशी फळमाशी कोणास ठाऊक नाही? थंड प्रदेशांतील फळमाश्या उष्ण प्रदेशांतील आपल्या भगिनींहून सामान्यतः मोठ्या असतात. हे सांगताना एका भाषांतरात मी 'थंडीमुळे माशी मोठी होते' असे लिहून गेलो होतो. हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. म्हणूनच ते अधिक फसवे आहे, असे आता माझे मत झाले आहे.

अळी थंड हवेत वाढविली तर तिच्यापासून होणारी माशी खरोखरच मोठी निपजते. परंतु हा त्या एका जिवापुरता परिणाम होय. निरनिराळ्या अक्षांशांवरील माश्या प्रयोगशाळेत एकाच तापमानात काही पिढ्या वाढविल्यावरही जो फरक उरतो, तो मात्र जनुकांचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडपासून टास्मानियापर्यंत तो तसा उरतो.

याहून बोलके उदाहरण 'ड्रॉसोफिला सबऑब्स्क्युरा' या जातीचे. युरोपात उत्तरेस जावे तसे हिचे पंख मोठे होत जातात. ही माशी १९७८ साली चिलीत व १९८२ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रथम आढळली. तेथे पहिल्या दशकाच्या सुमारास असा क्रम दिसला नाही; दोन दशकांनी मात्र तो, विशेषतः माद्यांमध्ये, जवळजवळ युरोपातल्यासारखाच उमटला होता. रेमंड ह्यूई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रसिद्ध केले. उत्क्रांती लक्षावधी वर्षांनीच दिसते, असे मुलांना सांगणाऱ्यांनी हा अवधी ध्यानी घ्यावा.

गंमत अशी की, युरोपात पंखाचा बुडाकडील भाग लांबला, तर उत्तर अमेरिकेत टोकाकडील. पुढे, २००३ सालच्या अभ्यासात, युरोप व दक्षिण अमेरिका येथील मोठ्या पंखांत पेशींची संख्या अधिक आढळली. उत्तर अमेरिकेत पेशीच मोठ्या होत्या. थंडीच जर पंख ओढून मोठा करीत असती, तर तिने एके ठिकाणी एक व दुसरीकडे दुसरी रीत का योजावी? निवड झाली ती आकाराची. तो कोणत्या पेशींनी साधला, हे तेथे हाती असलेल्या आनुवंशिक भेदांवर अवलंबून राहिले. मोठेपणाचा नेमका लाभ कोणता, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

एका शिक्षक मित्राचा आक्षेप असा की, एवढा भेद मुलांना झेपत नाही. मला तो पटत नाही. नव्या आवृत्तीसाठी मी ते वाक्य असे बदलले आहे : 'थंड प्रदेशात मोठ्या माश्यांची संतती अधिक उरली.'