मालकीचे यंत्र आणि चालणारे यंत्र

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यातील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या सदनिकांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात जाणे ही त्या वस्तीच्या शंभर वर्षांच्या आयुष्यातील मोठी घटना आहे. तिच्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या रहिवाशांचा आनंद कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तथापि चाळीतली खोली रिकामी होते तेव्हा तीतून केवळ पलंग, कपाट आणि भिंतीवरच्या तसबिरी बाहेर पडत नाहीत. शिलाईचे मशीन निघते, पिको-फॉलचे यंत्र निघते, पन्नास माणसांचा भात शिजेल असे पातेले, वजनकाटा, चपात्यांसाठी वापरून वापरून मधोमध खोल झालेला लाकडी पाट निघतो. सरकारदफ्तरी जी केवळ राहती खोली, ती कितीतरी कुटुंबांचा कारखानाही होती. पुनर्वसनाचा हिशेब खोल्यांचा आणि दुकानगाळ्यांचा होतो. खोलीच्या कोपऱ्यात चालणाऱ्या कारखान्याला त्या हिशेबात रकाना नाही.

समाजवादी विचारात उत्पादनाच्या साधनांना फार मोठे स्थान आहे. साधने कुणाच्या मालकीची, हा प्रश्न चळवळीने पिढ्यान् पिढ्या विचारला आणि तो योग्यच होता. परंतु जे साधन कष्टकऱ्याच्या मालकीचे झाले ते चालते की नाही, किती दिवस चालते आणि बंद पडल्यावर कोण दुरुस्त करतो, हे प्रश्न तात्त्विक चर्चेच्या पंगतीला बसण्याइतके प्रतिष्ठित कधी मानले गेले नाहीत. दहा बाय सोळाच्या खोलीत धंदा करणाऱ्या बाईला मात्र पहिला प्रश्न हाच पडतो.

या चाळी सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. त्यांत राहावयास आलेल्या गिरणी कामगारांत जो विणकर होता, त्याला वाईट साधनाची किंमत अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक नेमकी ठाऊक होती. त्याची मजुरी नगावर. माग अडखळला, सूत तुटत राहिले, की पगाराच्या दिवशी त्याचा फटका त्याच्याच खिशाला. मागाची देखभाल करणारा लाइन जॉबर त्याच्यावर हुकमत गाजवू शकत असे, त्याचे एक कारण हेही होते.

मात्र गिरणीत एक सोय होती. एक माग थांबला तरी शेकडो चालू राहत. फिटर होते, सुट्या भागांचे कोठार होते, यंत्रशाळा होती. ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे त्याच्या बाबतीत हिशेब निराळा होतो. एक यंत्र बंद म्हणजे अख्खा कारखाना बंद. छोट्या धंद्याचे अर्थशास्त्र मोठ्या धंद्याच्या अर्थशास्त्राची लहान आवृत्ती नव्हे, हे येथे स्पष्ट होते. मोठ्या कारखान्याला बिघाड हा खर्चाचा एक बाब असतो. लहान धंद्याला तो उपासाचा दिवस असतो.

समजा, घरी कपडे शिवणारी एक स्त्री दिवसाला ३०० रुपये मिळवते. तिच्यापुढे दोन यंत्रे आहेत, एक ५,००० रुपयांचे आणि दुसरे ९,००० रुपयांचे. जवळ पैसा नाही, म्हणून ती पहिले घेते. ते महिन्यातून दोन दिवस बंद पडते. कधी टाके सुटतात, कधी शटल अडकते, कधी मेकॅनिक दोन वेळा बोलावूनही येत नाही. वर्षाचे २४ दिवस गेले, म्हणजे ७,२०० रुपये बुडाले. दुरुस्तीचा खर्च त्यात धरलेलाच नाही. चार हजार वाचविण्यासाठी तिने एका वर्षात सात हजार घालविले. याला कुणी तिचे अज्ञान म्हणेल. पण हा हिशेब तिला तोंडपाठ असतो. तिच्याजवळ नसतात ते पहिल्या दिवशीचे चार हजार रुपये. गरिबाला स्वस्त वस्तू परवडत नाही, तरीही तीच घ्यावी लागते. शिवाय यात दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर बंद पडलेल्या यंत्राचा हिशेब नाही. वेळेवर न मिळालेल्या ब्लाउजबरोबर गिऱ्हाईकही जाते आणि शेजारच्या चाळीत जाऊन सांगते की तिच्याकडे टाकू नका. लहान धंद्याची पत म्हणजे दिलेला शब्द, आणि तो शब्द यंत्राच्या जिवावर दिलेला असतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगावातल्या असंख्य घरांचा भार या खोलीतल्या धंद्यांवर पडला. बायकांची कमाई ही जोडकमाई मानण्याची रीत त्या काळात गळून पडली. अर्थात हे धंदे संपाने जन्माला घातले नाहीत. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळवालीच्या हातचे जेवतच गिरणीत उभे राहिले होते. ही खानावळवाली वाण्याकडून उधारीवर धान्य घेई, त्यामुळे ते महाग घेई, आणि कामगाराचा पगार होईपर्यंत व्याज भरीत बसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या बायकांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले, ही महाराष्ट्राच्या श्रमिक चळवळीतील थोर कामगिरी आहे. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाला गिरणगावात काही अर्थ प्राप्त झाला असेल, तर तो या बायकांमुळे. यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्जामुळे वाण्याचा फास सुटला; पण स्टोव्हचा बर्नर तुंबायचा तो तुंबतच राहिला. भांडवल आणि साधन या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एक भागली की दुसरी आपोआप भागते असे नाही.

सरकारी योजनांत ही गल्लत कायम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी व्यवसायांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज आहे. अवजाराचा स्वतंत्र विचार झाला, हे चांगलेच म्हणावे लागेल. शिंपी त्या यादीत आहे, चर्मकार आहे, परीट आहे. स्वयंपाक करून पोट भरणारी बाई मात्र नाही. तिच्या हातचे कसब बहुधा निसर्गदत्त समजले गेले असावे! आणि अवजार दिल्यानंतर ते तिसऱ्या वर्षी मोडले तर काय, याची तरतूद योजनेच्या मुख्य चौकटीत कोठे नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवशी मंडप घालून वाटल्या जाणाऱ्या शिलाई मशीनची गोष्ट तर बोलायलाच नको. तेथे यंत्राची परीक्षा छायाचित्र निघेपर्यंतच असते.

याच्याशी ताडून पाहण्यासारखा एक जुना दाखला आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. गांधीजींच्या यंत्रविरोधाविषयी जे उठताबसता बोलतात त्यांनी त्या बक्षिसाच्या अटी वाचाव्यात. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत बसून स्त्रीला आठ तास न थकता चालविता यावा, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. आणि वेळच्या वेळी देखभाल केल्यास तो निदान वीस वर्षे चालावा, व देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक होऊ नये. किर्लोस्करवाडीलाही असा चरखा तयार करण्याची खटपट झाली. बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. पण गरिबाच्या यंत्राची व्याख्या त्यात झाली होती : किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती ही तिन्ही एकत्र. पुढे मे १९५२ मध्ये पंचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्या व्याख्येचा धागा पुढे नेता आला असता. चळवळीने लहान यंत्राची घोषणा उचलली, त्याच्या दुरुस्तीचे काम मात्र अंगावर घेतले नाही.

कायदा या बाबतीत क्वचित अधिक शहाणा ठरतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत, तसेच स्वयंपाकाची भांडीही. सावकाराच्या हातून हत्यार वाचविणारा हा कायदा आहे. हत्यार आपल्या मरणाने मेले तर मात्र त्याच्यापाशी उपाय नाही. करव्यवस्थेचे पाहिले तर कंपनीला यंत्रावर घसारा मिळतो, म्हणजे यंत्र झिजते हे राज्यसंस्थेला मान्य आहे. खोलीत शिवणारीचे यंत्रही झिजते. तिचे उत्पन्न प्राप्तिकराच्या मर्यादेत येत नाही म्हणून घसाऱ्याचा तिला उपयोग नाही. वस्तू व सेवा कर मात्र ती सुईपासून मोटारीपर्यंत मुकाट्याने भरते आणि त्यातला एक पैसाही तिला परत मिळत नाही.

याच परिसरात दुसऱ्या टोकाचेही उदाहरण आहे. अनेक गिरणीमालकांनी वर्षानुवर्षे यंत्रे बदलली नाहीत, नफा अन्यत्र वळविला आणि जुन्या मागांवर कामगारांकडून घाम गाळून घेतला. त्यांचे काय झाले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने त्यांना गिरणीच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी करून दिली. यंत्र मेले तरी मालक तरला, कारण त्याच्या पायाखाली जमीन होती. खोलीतल्या धंदेवाल्याचे यंत्र मरते तेव्हा त्याच्या पायाखाली फक्त चाळीची फरशी असते.

चाळीत या संकटावर एक उपाय होता, तो कुठल्या योजनेतून आलेला नव्हता. ज्या चाळीत गिरणीतले फिटर, ऑइलर, जॉबर राहत, तेथे बिघडलेले यंत्र दाखवायला दूर जावे लागत नसे. पाळी संपवून आलेला माणूस मधल्या बोळात बसून शेजारणीच्या मशीनचा पट्टा बदलून देई, स्टोव्हला वायसर घालून देई. मोबदला म्हणजे चहा. गिरणीने आपल्या यंत्रांसाठी घडविलेले कौशल्य असे विनामूल्य वस्तीत झिरपे. गिरण्या गेल्या, तो माणूस म्हातारा झाला, आणि त्याची विद्या घेणारा कुणी उरला नाही. त्याचा मुलगा सुरक्षारक्षक झाला किंवा घरोघरी पार्सले पोचवू लागला. लालबागच्या मसाला गल्लीतील डंक पाहिला म्हणजे दुसराही धडा मिळतो. मिरची-मसाला कुटण्याचे ते दणकट यंत्र कुणाच्या खोलीत मावणारे नाही, म्हणून बायका मसाला भाजून तेथे नेतात आणि कुटणावळ देऊन परत आणतात. यंत्र एकाचे, उपयोग शेकडोंचा. ते खासगी मालकीचे आहे म्हणून त्यातला उपयोग नाकारण्याचे कारण नाही; ते सहकारी का होऊ नये, एवढे मात्र विचारता येते.

नव्या इमारतींत लांब बोळ नाहीत, दारे बंद राहतील, आणि निवासी सदनिकेत धंदा कितपत चालू द्यायचा हे उद्याची गृहनिर्माण संस्था ठरवील. तिच्या पहिल्या सभांतच हा विषय निघेल, आणि आवाजाची तक्रार करणारे तेथे हजर असतील. यंत्र चालविणारी त्या वेळी बहुधा घरी काम करीत असेल. वरळीच्या उरलेल्या चाळींत आणि नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अजून अवकाश आहे. कोणत्या खोलीत कोणते यंत्र आहे, ते किती वर्षांचे आहे, वर्षातून किती दिवस बंद असते आणि ते कोण दुरुस्त करतो, अशी चार प्रश्नांची नोंदवही घेऊन मजल्यामजल्यावर फिरता येईल. तळमजल्यावर एक दुरुस्तीचा गाळा, त्यात सुटे भाग आणि तोडक्या यंत्राच्या बदली वापरायला चार यंत्रे, ही मागणी म्हाडापुढे ठेवायची तर त्या नोंदवहीखेरीज ठेवता येणार नाही. आणि जे निवृत्त फिटर अजून हयात आहेत त्यांची नावे तिच्या पहिल्या पानावर यावीत.